गच्चीवरच्या पाण्याची राखण

आमच्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्याची तयारी दिवाळीत करतात. म्हणजे पाऊस संपला, भिंती वाळल्या, की छताच्या पिवळ्या डागांवर पांढरा रंग मारायचा आणि घर कसं नवं दिसतंय असं म्हणत एकमेकांना फराळाला बोलवायचं. पुढे उन्हाळा संपेपर्यंत छत कोरडं राहतं, कारण तोवर पाऊसच नसतो. पण तेवढ्याने सगळ्यांची खात्री पटते की रंग फार चांगल्या कंपनीचा होता. मग जून उजाडतो आणि डाग आपल्या जुन्या जागी परत येतात, माहेरी आल्यासारखे थोडे अंगाने भरून.

आम्ही गोखिवऱ्याला चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्यावर फक्त गच्ची. घर घेताना दलालाने सांगितलं होतं की वरच्या मजल्यावर हवा छान येते. माणूस खोटं बोलला नाही. हवा येते, ऊन येतं, आणि नळाला नसलं तरी छताला पाणी येतं. आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात तर इतकं नेमाने येतं की तिथे मी पातेलं कोणतं ठेवायचं हेसुद्धा ठरलेलं होतं. गच्ची दुरुस्त करायचा विषय सोसायटीच्या सभेत दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी खालच्या मजल्यांवरचे लोक मोठ्या मनाने सांगायचे की आम्हाला काही त्रास नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून समजावलं होतं, की गळतीचं एवढं मनाला लावून घेऊ नये. मी मान हलवली. मी सभेत कधी बोलले नव्हते, जिन्यात तरी काय बोलणार.

आमचे हे सातिवलीला एका गोडाऊनवर सुपरवायझर आहेत. मे महिना लागला की तिथल्या पत्र्याचा एकेक स्क्रू तपासून घेतात, गटारं उपसून घेतात, मालाखाली फळ्या आणि मालावर ताडपत्री घालतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांना एक थेंब लागू देत नाहीत. घरी छत दाखवलं की म्हणतात, "बघू." मला कधीकधी वाटायचं, आपणही एखाद्या खोक्यात बसावं.

सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणजे आमच्या बरोबर खाली. ते दर मे महिन्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर घराची काळजी कशी घ्यावी याचा लांबलचक मेसेज पाठवतात. तो कुठून तरी आलेला असतो आणि तसाच पुढे गेलेला असतो. बाकीचे लोक न वाचता हात जोडल्याचं चित्र टाकतात. मी चौथी शिकलेली, मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी तो पूर्ण वाचते आणि वाचला की करते. खिडक्यांच्या फटी भरा असं लिहिलं होतं, मी नळीतला मसाला आणून बोटाने दाबून भरल्या. लोखंडी जाळ्यांना पावसाआधी रंग द्या, तर गंज खरवडून रंग दिला. भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढा, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून उलथन्याने तेही काढलं. हे तेव्हा खालून ओरडले की पडशील. जाळीतून पडण्याइतकी मी बारीक नाही हे त्यांनाही माहीत आहे. जिथे माझा हात पोचत होता तिथे सगळं झालं. गच्ची मात्र सोसायटीची होती. तिला हात लावायचा तर ठराव लागतो.

त्या वर्षी मुलीला दिवस होते. तिला पालघरला दिली आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे आमच्याकडे कोणी बोलूनही दाखवत नाही, ते असतंच. तारीख श्रावणातली होती. विहीणबाई आदल्या पावसाळ्यात एकदा आमच्याकडे जेवायला आल्या होत्या आणि त्यांच्या पानाशेजारी थेंब पडला होता. पानात नाही, शेजारी. पण त्यांनी तो जपून ठेवला. आता त्यांचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, आम्हाला काही हौस नाही हो तिला ठेवून घ्यायची, पण ओलाव्यात बाळ-बाळंतीण कशी ठेवायची ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे खोली कोरडी आहे. तुमचीही कोरडी असेल तर आनंदच आहे, पाऊस सुरू झाला की मी स्वतः येऊन बघून जाईन आणि मग तिला आणून सोडीन.

मुलीने नंतर वेगळा फोन केला. गच्चीत जाऊन करत होती बहुतेक, वारा ऐकू येत होता. तिला तिकडे काही त्रास नव्हता. पण सासूसमोर पाय पसरून बसता येत नाही, रडता येत नाही आणि भूक लागली तर दुसऱ्यांदा मागता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, मी ताडपत्रीखाली झोपेन. पण मला तुझ्याकडेच यायचंय."

त्यावर मी पुष्कळ बोलले असते. मी म्हटलं, "बरं."

आणि काय नशीब बघा, त्याच सुमारास वळवाच्या दोन सरी आल्या आणि सेक्रेटरींच्या छताला डाग पडला. आमच्याकडे मुरलेलं पाणी कोपऱ्यातून उतरत उतरत त्यांच्या हॉलपर्यंत पोचलं होतं. पाण्याला एक मजला उतरायला इतकी वर्षं लागली, पण योग्य माणसाच्या घरी पोचलं. आठवड्याच्या आत सभा बोलावली गेली. वॉटरप्रूफिंगचा ठराव एकमताने मंजूर झाला. गच्ची ही सगळ्या बिल्डिंगचं छप्पर आहे, असं सेक्रेटरी त्या दिवशी इतकं मनापासून बोलले की मला नवीनच काहीतरी कळल्यासारखं झालं.

कॉन्ट्रॅक्टर आला. बोलका माणूस, गळ्यात साखळी. त्याच्या माणसांनी जुने टाइलचे तुकडे उखडले, भेगा खरवडून भरल्या, वर पांढरं केमिकल दोनदा ओढलं. काम तसं वाईट नव्हतं. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने रोज बघून यायचे. शेवटी त्याने सांगितलं की आता परीक्षा. पाणी जायची भोकं गच्च बंद करायची, सगळी गच्ची पाण्याने भरायची आणि तीन दिवस तशीच ठेवायची. खाली कुठे ओल दिसली नाही तर काम पास. सोसायटीने खास टँकर मागवला आणि पाइप लावून गच्चीवर चांगलं घोटा बुडेल एवढं पाणी सोडलं.

आता इथे त्या कॉन्ट्रॅक्टरची एक चूक झाली. त्याला सिमेंट कळत होतं, केमिकल कळत होतं, पण मे महिन्यातली गोखिवऱ्याची बिल्डिंग कळत नव्हती. आमच्याकडे तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं आणि तेही रुसल्यासारखं. लोक भाजी धुतलेलं पाणी संडासात वापरत होते. अशा लोकांच्या डोक्यावर त्याने तळं भरलं, आणि हात लावू नका म्हणून सांगायचंही विसरला.

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या मावशी इथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. लहानपणी त्यांच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे विहिरीहून मोठं आणि तळ्याहून लहान असं पाणी, त्यावर केळी आणि पानवेली शिंपायच्या. ती वाडी गेली, बावखल बुजलं, वर बिल्डिंग झाली आणि मावशी फ्लॅटमध्ये आल्या. त्या पहिल्याच सकाळी गच्चीवर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पानी उनात सुकवायला ठेवलंय? पाप लागंल गो." मी म्हटलं, मावशी, ते परीक्षेचं आहे. त्या म्हणाल्या, "मंग पास होईल, एका बादलीनं काय होतंय."

एका बादलीने खरंच काही होत नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी तीन-चार बादल्या आहेत. दुपारपर्यंत जिन्यात ओल्या पावलांची रांग लागली. कोणी संडासाला नेलं, कोणी लादी पुसायला, कोणी गोधड्याच वर नेऊन तिथे धुतल्या. धुताना साबण वापरला नाही हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण पाणी खराब करायचं नव्हतं. सेक्रेटरींचा ड्रायव्हर गाडी धुवायला घेऊन गेला. आणि आमचे हे. संध्याकाळी कामावरून आले, बादली घेऊन वर गेले, खाली आले, परत वर गेले. मी म्हटलं, अहो, ते पाणी आपलंच छत तपासायला भरलंय. ते म्हणाले, "आपल्याच मेंटेनन्सचं आहे ना? मग?" आणि ते पाणी त्यांनी स्कूटरवर ओतलं. गोडाऊनमध्ये याच माणसाने खोक्याला हात लावणाऱ्याला घरी पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद केलेल्या भोकांपाशी तेवढं थोडं पाणी उरलं होतं. गच्चीला उतार असतो, तो भोकांकडे. आमच्या आतल्या खोलीवरचा कोपरा सगळ्यात उंचावर, तिथलं पाणी सगळ्यात आधी गेलं. तिथे गोधड्या पसरल्या होत्या आणि छान वाळत होत्या.

तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर आला तो थेट आमच्या घरी, छत बघायला. टॉर्च मारून बघितलं. कोरडं ठणठणीत. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये बघितलं. कोरडं. तो वर गेला, तर गच्चीही कोरडी. पण उन्हाने उडालं असेल, असं सेक्रेटरी चटकन म्हणाले, आणि उन्हाळाच यंदा तसा आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. काम पास. रविवारी गच्चीवरच चहा घेऊ आणि कॉन्ट्रॅक्टरचा उरलेला हिशेब मिटवून टाकू, असं ठरलं. म्हणजे रविवारनंतर तो माणूस परत दिसणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

मी ह्यांना सांगितलं की परीक्षा झालीच नाही. ते जेवत होते. म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस का?" मी नाही. पण पाणी नसलेल्या ठिकाणी पाणी गळत नाही, एवढं चौथीपर्यंत शिकवतात. मी म्हटलं, तुम्ही तरी सेक्रेटरींना सांगा. त्यांनी भात कालवला आणि म्हणाले, आता सगळ्यांचं ठरल्यावर मध्येच कशाला वाईटपणा घ्यायचा. खरं कारण मला माहीत होतं. कोणी पाणी नेलं असं विचारलं असतं, तर स्कूटर खाली चकचकीत उभी होती.

सेक्रेटरींच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आले. बेल वाजवली नाही. काय बोलायचं ते जिन्यात पाठ असायचं आणि दारापाशी विसरायचं. शेवटी मला वाटलं, चार माणसांसमोर एक वाक्य बोलण्यापेक्षा एक मजला पाणी चढवणं सोपं आहे. शनिवारी टाकी भरली तशी मी माझ्या वाट्याच्या पाण्यातून बादल्या वर न्यायला लागले. आमच्या खोलीवरच्या कोपऱ्याला आधी ओल्या मातीचा आणि चिंध्यांचा बांध घातला. माझं माहेर दापोलीकडचं, खाचरांना बांध घालताना आईला पाहिलं होतं, तसाच पण लहान. जिन्यात भेटलेल्यांना नवल वाटत होतं. एवढे दिवस बिल्डिंग पाणी खाली आणत होती आणि ही बाई वर नेतेय. मावशींनी विचारलं, "परत ठेवतेस व्हय गो नेलेलं?" आणि काही न सांगताच माझी एक बादली उचलून वर आणून दिली.

संध्याकाळपर्यंत काही नाही. मला वाटलं, उगाच संशय घेतला, आणि बरंही वाटलं. रविवारी सकाळी पाहिलं तर छताच्या कोपऱ्यात ओल आली होती आणि तिच्या मधोमध एक थेंब पडू की नको करत लोंबत होता. मी खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तो पडावा असं वाटत होतं.

वर चहा सुरू झाला होता. सेक्रेटरी, कॉन्ट्रॅक्टर, सात-आठ घरचे लोक, आमचे हेही. मी गेले आणि ह्यांच्यामागे उभी राहिले. हळूच सांगितलं की खाली गळतंय. त्यांनी मागे न बघता मला बिस्किट दिलं. मग कॉन्ट्रॅक्टरला कोपऱ्यातला माझा बांध दिसला. हे काय, असं त्याने विचारलं, आणि सगळे तिकडे वळले, आणि मग माझ्याकडे. मातीचे हात माझेच होते.

मी सांगितलं, खाली गळतंय म्हणून. आवाज किती आला माहीत नाही, पण आला. सेक्रेटरी हसले. म्हणाले, "वहिनी, परीक्षेत नाही गळलं, आता तुम्ही पाणी साठवून मुद्दाम गळवलंत तर त्याला आम्ही काय करणार?" कॉन्ट्रॅक्टरलाही ते पटलं. परीक्षा सगळ्यांसमोर झाली होती, तो म्हणाला, त्यानंतर कोणी काय केलं त्याची जबाबदारी आपली नाही. लोक कपाकडे बघायला लागले. मला वाटलं होतं की मावशी बोलतील, पण त्याही कपातच बघत होत्या. पहिली बादली त्यांची होती हे मला माहीत होतं आणि मी ते सांगेन अशी भीती त्यांना वाटत असणार. मला श्रावण दिसत होता, आणि पालघरची कोरडी खोली.

मी म्हटलं, "परीक्षा झाली नाही. पाणी लोकांनी नेलं. आमच्या घरातून ह्यांनी नेलं, दोनदा, स्कूटर धुवायला. मी बघितलंय."

दुसऱ्या कोणाचंही नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. एका नवऱ्याची लाज बायकोने अशी चारचौघांत काढल्यावर बाकीच्यांना आपली पाळी कधी येते ते कळेना. गोधडीवाल्या बाईंना एकदम काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवलं. मावशी म्हणाल्या, "मीपन नेलं. खोटं कशाला." सेक्रेटरी त्यांच्या गाडीबद्दल काही बोलले नाहीत, पण कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं पाकीट खिशात परत गेलं. आमचे हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी मालावरची ताडपत्री ओढून काढली.

कॉन्ट्रॅक्टर खाली आला, थेंब बघितला, वर जाऊन कोपरा ठोकून बघितला. गच्ची आणि कठडा जिथे जुळतात तिथे केमिकल नुसतं वरून फिरवलं होतं, आतली भेग तशीच होती. त्याने आपल्या माणसांना दोन शिव्या दिल्या, ज्या खरं तर त्याच्याच वाट्याच्या होत्या, आणि तो कोपरा पुन्हा फोडून नीट भरून दिला. मग पुन्हा टँकर आला आणि पुन्हा गच्ची भरली.

ह्या वेळी मी राखण बसले. प्लास्टिकचं स्टूल आणि छत्री घेऊन, लसूण सोलत, तीन दिवस. चोरांपासून नाही, शेजाऱ्यांपासून. बादली घेऊन आलेली माणसं मला बघून थांबायची, हवा कशी आहे ते विचारायची आणि परत जायची. मी कोणालाही काही म्हटलं नाही, पण रविवारपासून मी बोलते अशी माझी ख्याती झाली होती, तिने काम केलं. दुपारी मावशी यायच्या बसायला. पाण्याकडे बघून उसासा टाकायच्या, पण हात लावला नाही. हे मात्र घरात बोलत नव्हते. डबा भरून दिला की घ्यायचे, पाणी दिलं की प्यायचे, बाकी काही नाही. तेवढी शांतता मला बऱ्याच वर्षांनी मिळाली.

घराच्या दुरुस्तीचे मेसेज पाठवणाऱ्यांनी हे त्यात घालावं असं मला वाटतं. फटी भरा, जाळ्या साफ करा, पिंपळ काढा, आणि परीक्षेच्या पाण्यावर माणूस बसवा. शक्यतो असा की ज्याला त्या छताखाली कोणाला तरी झोपवायचंय.

पाऊस लागून दहा-पंधरा दिवस झाल्यावर विहीणबाई आल्या. मुलीला बरोबर आणली होती, पण तिची बॅग रिक्षातच ठेवली होती आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं होतं. खाली उभ्या रिक्षाचं इंजिन चालू असलेलं ऐकू येत होतं. पाऊस तर असा की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. विहीणबाईंनी चहा नको म्हटलं. आतल्या खोलीत गेल्या, भिंतीला तळवा लावून बघितला, गादी दाबून बघितली, मग स्टूल मागितलं. ह्यांनी दिलं. त्या वयाच्या, त्या वजनाच्या बाईने स्टुलावर चढून छताचा कोपरा हाताने चाचपला. मुलगी दाराशी उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघत नव्हती. विहीणबाईंनी हात खाली घेतला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. कोरडी होती. त्यांनी ती थोडी आणखी चोळली, काही निघतंय का म्हणून.

"बॅग वर घ्या," त्या म्हणाल्या. "आणि आता चहा चालेल."

चहा घेताना आमच्या ह्यांची वाचा परत आली. ते विहीणबाईंना सांगत होते की आजकाल कॉन्ट्रॅक्टर कसे असतात, कोपरे कसे चुकवतात, परीक्षा कशी स्वतः उभं राहून करून घ्यावी लागते. विहीणबाई मान डोलवत होत्या. ते म्हणाले, मी तर त्याचा कोपरा पुन्हा फोडायला लावला. मी ऐकत होते. म्हणायचं असतं तर आता मला म्हणता आलं असतं, ते जमतं हे मला कळलं होतं. पण आत मुलगी आल्या आल्या आडवी झाली होती, चपलासुद्धा नीट न काढता, पाय पसरून, आणि तिला झोप लागत होती. मी उठून दार लोटून घेतलं, म्हणजे त्यांचा आवाज तिला लागू नये.